डिझेल बदललं, नळ्या त्याच राहिल्या

जुन्या शिडाच्या बोटीचं इंजिन सकाळी झटकन सुरू होतं, दहा-पंधरा मिनिटं बरं चालतं आणि नेमकं बंदराच्या तोंडाशी धापा टाकत बंद पडतं. टाकीत डिझेल भरपूर, फिल्टर नवा, इंजिनाखाली तेलाचा एक थेंब नाही. शेतावरच्या किर्लोस्कर इंजिनाशी झटापट केलेला कुणीही लगेच सांगेल, "एअर घेतली," म्हणजे डिझेलच्या वाटेत हवा शिरली. निदान बरोबर आहे. फरक इतकाच, की शेतावरच्या इंजिनाची टाकी बहुधा त्याच्या डोक्यावर असते. नळी फुटली तर डिझेल ठिबकतं, मातीवर डाग पडतो. बोटीत टाकी खाली, पुष्कळदा अगदी तळाशी, आणि इंजिनावरचा पंप तिथून डिझेल वर ओढून घेतो. नळीला केसाएवढी चीर पडली, तरी डिझेल बाहेर येत नाही. हवा आत शिरते. वरून कोरडी ठणठणीत दिसणारी नळीच गुन्हेगार आहे, हे पटायला वेळ लागतो.

मुळात इतकी जुनी नळी बोटीत टिकून राहिली कशी? त्याचं कारण फायबरग्लास. १९५९ च्या न्यूयॉर्क बोट शोमध्ये पिअर्सन कंपनीची ट्रायटन ही २८ फुटी बोट आली आणि अमेरिकेत मध्यमवर्गाला परवडतील अशा शिडाच्या बोटी साच्यातून निघू लागल्या. लाकडी बोट दर काही वर्षांनी उघडावीच लागते. फळ्या काढताना आतल्या नळ्यांवरही नजर पडते. फायबरग्लास कुजत नाही, म्हणून उघडायची वेळच येत नाही. साठ-सत्तरच्या दशकांतल्या कितीतरी बोटी आजही पाण्यात आहेत. भारतीय नौदलातले निवृत्त कमांडर अभिलाष टॉमी २०२३ मध्ये गोल्डन ग्लोब शर्यतीत एकट्याने जग फिरून दुसरे आले, त्या शर्यतीचा तर नियमच आहे, की बोटीचा आराखडा १९८८ पूर्वीचा हवा.

साच्यातल्या बोटींची आणखी एक खोड आहे. खालचा सांगाडा आणि वरचा डेक वेगवेगळे ओततात. टाकी, नळ्या, वायरी आधी मांडून घ्यायच्या आणि मग वरून डेकचं झाकण बसवायचं. कारखान्यात हे सोयीचं पडतं. पण चाळीस वर्षांनी डेकवरून टाकीत उतरणारी जाड भरणनळी काढायची झाली, की हात कोपरापर्यंत जातो आणि क्लिप त्याच्याही वीतभर पलीकडे असते.

त्या काळच्या बऱ्याच अमेरिकन बोटींत डिझेल नव्हतंच. युनिव्हर्सल कंपनीचं ॲटॉमिक फोर हे पेट्रोल इंजिन घरोघरच्या शिलाई मशीनसारखं सर्वत्र होतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती बोटीच्या तळात साचते आणि एका ठिणगीची वाट पाहते. म्हणून अमेरिकेतल्या १९७१ च्या बोट सुरक्षा कायद्यानंतर आलेल्या इंधनाच्या नियमांचा सगळा रोख पेट्रोलवर राहिला. ए प्रकारची नळी अडीच मिनिटं आगीत तग धरणारी हवी, नळीवर तिचा प्रकार आणि उत्पादनाचं वर्ष छापलेलं हवं, वगैरे. डिझेलच्या बोटींना ही कायदेशीर सक्ती नव्हती. बोट बांधणाऱ्याने ट्रकची साधी नळी लावली, तरी त्याला कुणी हटकत नव्हतं. पुढे अनेकांनी पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलं. डिझेल इंजिनाला इंजेक्टरकडून उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारी नळी लागते, ती कार्ब्युरेटरच्या पेट्रोल इंजिनाला लागत नव्हती. मग ही परतीची नळी मागाहून, जागा मिळेल तशी, हाताशी असेल त्या रबराची टाकली गेली. माझ्या मते जुन्या बोटीत सर्वांत आधी संशय घ्यावा तो हिच्यावर. काही युरोपीय इंजिनांवर तर ती सुती विणीच्या वेष्टनातली असते. आत रबराचा चुरा झाला तरी वरचं कापड साळसूद दिसतं.

रबराची गोष्ट त्याहून मजेदार आहे. साधं नैसर्गिक रबर डिझेलमध्ये फुगून लिबलिबीत होतं. तेल सोसणारं नायट्राइल रबर जर्मनीत १९३० च्या दशकात तयार झालं आणि पुढे इंधनाच्या नळ्यांचं, सीलचं तेच मुख्य रबर ठरलं. तेही थोडं फुगतंच: डिझेलमधली ॲरोमॅटिक द्रव्यं (कार्बनच्या कड्यांचे घटक) त्यात मुरतात आणि ते क्लिपखाली घट्ट बसतं. कित्येक वर्षं ही तडजोड सुखाने चालली. मग डिझेलमधलं गंधक काढायचं ठरलं. त्यासाठी रिफायनरीत हायड्रोजनची प्रक्रिया करतात, आणि तीत ॲरोमॅटिक द्रव्यंही घटू शकतात. असं डिझेल वाहू लागलं, की रबरात मुरलेला अंश हळूहळू बाहेर निघतो आणि रबर आकसतं. नवं रबर हे सोसतं. उष्णतेने वर्षानुवर्षं कडक झालेलं रबर सांध्यावर सैल पडतं.

याचा पहिला झटका बोटींना नाही, ट्रकना बसला. ऑक्टोबर १९९३ मध्ये अमेरिकेत रस्त्यावरच्या डिझेलमधलं गंधक दशलक्षात ५०० भागांवर आणलं गेलं. कॅलिफोर्नियाने त्याच वेळी ॲरोमॅटिक द्रव्यांवरही मर्यादा घातली, आणि तिथे जुन्या गाड्यांचे इंधन पंप गळू लागल्याच्या तक्रारी आल्या. बोटींच्या डिझेलची पाळी उशिरा आली: २००७ मध्ये ५०० भाग, २०१२ मध्ये १५. युरोपात २०११ पासून १०. आपल्याकडे प्रदूषणाच्या बीएस-६ नियमांबरोबर रस्त्यावरचं डिझेल १ एप्रिल २०२० पासून देशभर १० वर आलं. त्यात बायोडिझेलची भर पडली. त्याचं प्रमाण वाढलं, की नायट्राइलला ते मानवत नाही.

तेव्हा १९८२ ची नळी १९८२ च्या डिझेलसाठी होती. ती वाकवून पाहिली, की वळणाच्या बाहेरच्या बाजूला कोरड्या तळ्यासारख्या भेगा उमटतात. काढताना ओढू नये. टोकाशी लांबीच्या दिशेने चाकूने चीर देऊन सोलावी, पण नळी ज्यावर चढवलेली असते त्या पितळी तोंडाला पातं लागू देऊ नये. तिथे ओरखडा पडला, तर कोऱ्या नळीखालूनही हवा शिरते.