दिवसाची पेंग (मध्यमवयातली)

रात्री झोपूनसुद्धा दिवसा नको तिथं, नको तेव्हा डोळे मिटायला लागणं म्हणजे दिवसाची पेंग. चाळिशी ते साठीच्या माणसांत हे बरंच दिसतं. हा स्वतः आजार नाही, कशाचं तरी लक्षण असतं. थकवा वेगळा आणि पेंग वेगळी बरं का, थकलेला माणूस आडवा झाला तरी झोप लागेलच असं नाही, पेंगणारा मात्र बसल्या जागी लुढकतो.

कोकणात ही पेंग पटकन लक्षात येत नाही, कारण दुपारी झोपणं ही इथली रीतच. पहाटे उठायचं, दुपारी उकड्या तांदळाचा भात, माशाचं कालवण, वर सोलकढी आणि मग पडवीत जरा लवंडायचं, बाजारातली दुकानंपण तेव्हा बंद. हिला वामकुक्षी म्हणतात, वाम म्हणजे डावी आणि कुक्षी म्हणजे कूस, थोडक्यात डाव्या कुशीवर घटकाभर पडणं, त्यात दोन तास घोरणं काही बसत नाही. दुपारी 1 ते 3 च्या सुमाराला शरीराच्या घड्याळातच एक उतार असतो, जेवला नाहीत तरी तो येतो, उगाच सगळा दोष भाताला देऊ नये. आयुर्वेदानेही दिवसा झोपायला एरवी नको म्हटलंय पण ग्रीष्मात सूट दिलीय. तेव्हा दुपारी दोनची डुलकी सोडून द्या, सकाळी अकराला बँकेच्या बाकड्यावर मान पडत असेल तर ते बघायला हवं. घरचे म्हणतात "आता वय झालं", आणि तिथंच विषय संपतो.

सगळ्यात साधं कारण म्हणजे झोप कमी. मोठ्या माणसाला किमान 7 तास तरी लागतात आणि पहाटे जेटीवर मासळीच्या लिलावाला जाणारीला, रात्रभर दशावतार बघून सकाळी ड्युटीवर हजर होणाऱ्याला ते मिळत नाहीत. त्यात एप्रिल-मेचा उकाडा, हवा दमट असली की घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही आणि गाढ झोप मोडत राहते.

पण मध्यमवयात खरा संशय घ्यायचा तो स्लीप अ‍ॅप्नियाचा. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट बंद होते, श्वास 10 सेकंद किंवा जास्तच अडतो, मेंदू दचकून जागा करतो, आणि हे रात्रभर चालू, माणसाला सकाळी काहीच आठवत नाही. तासाला 5 च्या आत असे अडथळे चालतात, 30 आणि वर म्हणजे गंभीर, म्हणजे दर दोन मिनिटाला एकदा! जोरात घोरणं, मधेच शांतता आणि मग एकदम धाप, हे बायकोला माहीत असतं, नवऱ्याला पटत नाही. वजन, जाड मान आणि रात्रीची दारू यांनी ते वाढतं. बायकांत पाळी गेल्यावर प्रमाण वाढतं, पण त्या मोठ्याने घोरतीलच असं नाही, म्हणून त्यांचं निदान राहून जातं.

बाकी कारणं म्हणजे मंदावलेला थायरॉईड, रक्त कमी असणं, डायबेटीस, डिप्रेशन, पाळी जातानाचे रात्रीचे घाम. आणि सर्दीची नाहीतर पावसाळ्यात खाजेवर घेतलेली गोळी, हे कुणाच्या ध्यानातच येत नाही.

मोजायला एपवर्थ स्केल आहे, 1991 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मरे जॉन्स यांनी काढलेलं. आठ प्रसंग, प्रत्येकात डुलकी लागायची शक्यता किती याला 0 ते 3 मार्क, बेरीज 10 च्या वर गेली की डॉक्टरकडे. गंमत अशी की त्यात दुपारी आडवं होणं, जेवून शांत बसणं आणि तासभर गाडीत नुसतं बसून जाणं हे तीन प्रसंग आहेत, म्हणजे आपल्याकडचा धडधाकट माणूससुद्धा तिथंच 9 मार्क घेऊन बसेल. म्हणून माझ्या मते खरं बघायचं ते बोलताबोलता झोप लागणं आणि ट्रॅफिकमध्ये गाडी थांबल्यावर डोळा लागणं. गणपतीला रात्रभर हायवेने गाडी हाकत येणाऱ्या चाकरमान्यांनी तर नक्कीच.

तपासणीत रक्त, टीएसएच (थायरॉईडची तपासणी), साखर, आणि संशय असेल तर रात्रभराची स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतला श्वास तपासणं. अ‍ॅप्निया निघाला तर वजन कमी करणं आणि सीपॅप मशीन, नाकावर मास्क लावून हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारं, हे 1981 मध्ये ऑस्ट्रेलियातच कॉलिन सुलिव्हन यांनी दाखवून दिलं. मशीन विजेवर चालतं, त्यामुळे पावसाळ्यात लाईट जाणाऱ्या गावात आधी इन्व्हर्टर बघावा लागतो.