अ‍ॅल्युमिनियमच्या चॅसीने नेम सुधारतो का?
ठाण्यातील नेमबाजांमध्ये एक समज जुना आहे: बोल्ट-अ‍ॅक्शन (प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट ओढून पुढचे काडतूस भरायच्या) रायफलीचा लाकडी दस्ता काढून अ‍ॅल्युमिनियमची चॅसी, म्हणजे दस्त्याऐवजी रायफल धरून ठेवणारा सांगाडा, बसवली, की नेम आपोआप सुधारतो. तसे होत नाही. गोळी किती नेमकी जाणार, हे मुख्यतः नळी, काडतूस आणि ट्रिगरवरचे बोट यांवर ठरते. चॅसीमुळे मिळते ते सातत्य; खाडीकाठच्या दमट पावसाळ्यात लाकूड फुगून नळीला टेकू शकते आणि ५० मीटरवरच्या १०.४ मिलिमीटर व्यासाच्या दहा गुणांच्या वर्तुळाबाहेर गोळी जायला तेवढे पुरते, धातू मात्र ओलाव्याने फुगत नाही. तरीही नीट बेडिंग केलेला (म्हणजे रायफलीची यंत्रणा आत न हलता घट्ट बसेल असा), नळीपासून मोकळा लाकडी दस्ता असेल, तर एवढा खर्च (मिरवण्याची हौस सोडल्यास) सहसा अनाठायीच; आधी अ‍ॅक्शन (काडतूस भरून झाडणारी यंत्रणा) दस्त्याला धरणारे स्क्रू ठरलेल्या ताणाने आवळलेले आहेत का, ते पाहावे.