पालवणकर, बाळू

(१९ मार्च १८७६–४ जुलै १९५५). डावखुरे फिरकी गोलंदाज. इंग्रजी धावफलकांवर ‘पी. बाळू’ असा उल्लेख आढळतो. त्यातील ‘पी’ हे आडनावाचे आद्याक्षर. दाक्षिणात्य पद्धतीचे ते नाव नव्हे. आडनाव रत्नागिरी जिल्ह्यातील पालवण या मूळ गावावरून आले. जन्म मात्र धारवाडचा मानतात. जन्मवर्ष काही ठिकाणी १८७५ दिलेले दिसते. येथे रूढ तारीख स्वीकारली आहे. कुटुंब चर्मकार समाजाचे, वडील लष्करी नोकरीत.

पुण्यात एका पारशी क्लबाच्या मैदानावर झाडलोट आणि खेळपट्टीची निगा राखण्याचे काम करून बाळूंनी सुरुवात केली. पगार महिना ३ रुपये. पुढे ते युरोपियनांच्या पूना क्लबात ४ रुपयांवर गेले. तेथे जाळे बांधायचे, खेळपट्टीवर रोलर फिरवायचा आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकायची. फलंदाजी त्यांच्या वाट्याला येत नसे. जे. जी. ग्रेग हे निष्णात फलंदाज आपल्याला बाद केल्यास दर वेळी ८ आणे देत, असे सांगतात. या कथेला आधार मुख्यतः मौखिक आहे. रकमेपेक्षा रोजचा तासन्‌तास सराव महत्त्वाचा मानावा. चेंडूची उंची व वेग बदलणे, तो दोन्ही बाजूंना वळवणे आणि टप्प्यावरील हुकमत हे त्यांच्या गोलंदाजीचे विशेष होत.

त्या काळी क्रिकेट संघ समाजवार असत. पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना घेतले ते जिंकण्यासाठी. मैदानात सवर्ण खेळाडू त्यांच्या हातचा चेंडू घेत. चहापानाला मात्र बाळूंना पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. १९०६ मध्ये मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, तेव्हा ते संघात होते.

१९११ च्या इंग्लंड दौऱ्यात पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालील संघ बहुतेक सामने हरला. बाळूंनी मात्र ११४ बळी घेतले. ७५ हा आकडाही आढळतो, तो केवळ प्रथम श्रेणी सामन्यांचा. दोन्हींची सरमिसळ नेहमी होते. कारकिर्दीत ३३ प्रथम श्रेणी सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१.

जातीमुळे हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना लाभले नाही. १९२० मध्ये शिवराम व विठ्ठल या धाकट्या भावांनी या डावलण्याचा निषेध म्हणून संघातून अंग काढून घेतले. तडजोडीने बाळू उपकर्णधार झाले. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले. त्यांचे माझे क्रीडा-जीवन हे आत्मचरित्र प्रसिद्ध आहे. गणपत हे चौथे भाऊही क्रिकेटपटू होते.

१९३२ च्या पुणे करारावर बाळूंची सही आहे. १९३७ च्या मुंबई विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने त्यांना बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध उभे केले. आंबेडकर १३,२४५ विरुद्ध ११,२२५ मतांनी निवडून आले. बाळूंचे निधन मुंबईत झाले.