क्वाडची घोषणा आणि बार्शीचं कॅन्सर रुग्णालय

२१ सप्टेंबर २०२४ रोजी अमेरिकेतल्या विल्मिंग्टनमध्ये क्वाडच्या, म्हणजे भारत, अमेरिका, जपान आणि ऑस्ट्रेलिया या चार देशांचे नेते भेटले. समुद्री सुरक्षा वगैरे नेहमीच्या विषयांच्या जोडीला या वेळी एक अनपेक्षित विषय होता, गर्भाशयमुखाचा कॅन्सर. ‘कॅन्सर मूनशॉट’ असं भारदस्त नाव दिलेल्या या उपक्रमात भारताने हिंद-प्रशांत क्षेत्रातल्या देशांना तपासणीचे संच, निदानाची साधनं आणि लशींसाठी ७५ लाख डॉलर देऊ केले, शिवाय लशीचे ४ कोटी डोस पुरवण्याची तयारी दाखवली. आपल्याकडे ही बातमी दोन दिवसांत विरून गेली. पण या संचांमधली एचपीव्ही तपासणी, म्हणजे या कॅन्सरला कारणीभूत ठरणाऱ्या विषाणूची चाचणी, बायकांचे जीव खरोखर वाचवते, याचा जगातला पहिला ठोस पुरावा कुठून आला, हे सांगायला हवं. तो आला तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातून. आणि काम झालं ते शेजारच्या बार्शीतल्या एका रुग्णालयातून.

कॅन्सरवर देशोदेशींनी मिळून काम करावं ही कल्पना तशी जुनी. त्यासाठी सरकारं एकत्र आली ती १९६०च्या दशकात, आणि सुरुवात झाली एका पत्रकाराच्या घरातल्या मृत्यूने. त्याची बायको कॅन्सरने गेली. त्याच्या खटाटोपातून फ्रान्समधल्या काही नामवंतांनी नोव्हेंबर १९६३मध्ये राष्ट्राध्यक्ष द गॉल यांना जाहीर आवाहन केलं. मोठ्या देशांनी आपल्या संरक्षण खर्चातला अर्धा टक्का काढून कॅन्सरविरुद्धच्या जागतिक संस्थेला द्यावा, अशी त्यांची मागणी होती. द गॉल यांनी ती उचलून धरली. अर्धा टक्का अर्थातच कुणी दिला नाही, पण मे १९६५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या छत्राखाली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था (आयएआरसी) उभी राहिली. फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, ब्रिटन आणि अमेरिका हे तिचे संस्थापक देश, आणि मुख्यालय फ्रान्समधल्या ल्यों शहरात. पैसा बेताचाच मिळाल्याने संस्थेने रुग्णालयं काढण्याच्या फंदात न पडता मोजणीवर भर दिला. कुठल्या भागात कुठला कॅन्सर किती आणि का, हे शोधायचं.

मोजणीत आपण फार मागे नव्हतो. परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१पासून चालू होतं आणि मुंबईची कॅन्सर नोंदणी १९६३मध्येच सुरू झाली होती. पण मुंबईचे आकडे म्हणजे देश नव्हे. खेड्यात कॅन्सर किती, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कारण खेड्यातला रोगी दवाखान्यापर्यंत पोचतच नसे, मग त्याची नोंद कुठून होणार?

बार्शी इथे शिरते. नर्गिस दत्त यांच्या नावाचं इथलं कॅन्सर रुग्णालय डॉ. भगवान नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालवलं. १९८७मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) कार्यक्रमाखाली इथे देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. सोलापूर जिल्ह्यातला बार्शी तालुका आणि उस्मानाबादचे परांडा व भूम हे तालुके, मिळून ३४६ गावं. शहरात नोंदणी करणारा माणूस रुग्णालयांची रजिस्टरं चाळतो. इथे चाळायला रजिस्टरच नव्हतं. म्हणून कर्मचारी ठरावीक काळाने प्रत्येक गावात जायचे, लोकांशी ओळखी वाढवायचे, कुणाला गाठ आहे का, कुणाच्या अंगावरून जातंय का याची चौकशी करायचे, आणि लक्षणं असलेल्यांना तपासणीला बार्शीला यायला सांगायचे. ‘अंगावरून जाणं’ ही गोष्ट बाई सासूलाही सांगत नाही, ती परक्या माणसाला विचारायची. यात किती चिकाटी लागली असेल, याचा अंदाज या भागात राहिलेल्यालाच येईल.

नोंदणीने दोन गोष्टी दाखवल्या. पहिली अपेक्षितच होती. बायकांमध्ये सर्वांत जास्त कॅन्सर गर्भाशयमुखाचा, आणि तोही फार उशिरा कळणारा. दुसरी मात्र कुणाच्या ध्यानीमनी नव्हती. कर्मचाऱ्यांच्या फेऱ्या आणि गावातल्या बोलण्या-चालण्यामुळेच बायका आधीच्या टप्प्यात येऊ लागल्या. कुठलंही नवं यंत्र न आणता. डॉ. कस्तुरी जयंत, नेने आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात हे आंतरराष्ट्रीय नियतकालिकांमध्ये मांडलं, आणि ल्योंच्या लोकांना बार्शीचा पत्ता नीट कळला.

त्या वेळी ल्योंमध्ये एक प्रश्न घोळत होता. श्रीमंत देशांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं प्रमाण पॅप तपासणीमुळे झपाट्याने खाली आलं होतं. जॉर्ज पापानिकोलाऊ या ग्रीक डॉक्टरने अमेरिकेत शोधलेली ही पद्धत १९४०च्या दशकापासून रुळत गेली. पेशी खरवडून काचेवर घ्यायच्या, रंगवायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली वाचायच्या. वाचणारा तरबेज लागतो, तपासणी दर काही वर्षांनी पुन्हा करावी लागते, आणि निकाल देण्यासाठी बाईला परत बोलवावं लागतं. गरीब देशांत या तिन्ही गोष्टी कोलमडतात. मग पर्याय काय?

दोन होते. एक अगदी साधा. खाण्यातल्या व्हिनेगरइतक्या, म्हणजे ३ ते ५ टक्के तीव्रतेच्या ॲसिटिक ॲसिडमध्ये कापसाचा बोळा भिजवायचा, गर्भाशयमुखाला लावायचा, मिनिटभर थांबायचं आणि चांगल्या उजेडात नुसत्या डोळ्यांनी बघायचं. पेशी बिघडलेल्या असतील तिथे पांढरट डाग उठतो. हिला व्हीआयए म्हणतात. नर्सबाई ती करू शकते आणि निकाल जागच्या जागी मिळतो. दुसरा पर्याय महाग. १९८३मध्ये जर्मनीच्या हॅराल्ड त्सुर हाउझेन यांनी या कॅन्सरमध्ये एचपीव्ही विषाणूचा १६ क्रमांकाचा प्रकार शोधून काढला होता (त्यासाठी २००८चं नोबेल मिळालं). तेव्हा कॅन्सर शोधत बसण्यापेक्षा विषाणूच शोधावा, ही त्यामागची कल्पना.

यातलं काय चालतं, हे ठरवायला मोठा प्रयोग हवा होता. १९९९मध्ये गेट्स फाउंडेशनच्या पैशातून पाच संस्थांची एक आघाडी उभी राहिली, त्यात आयएआरसी होती. तिथे या कामाची धुरा होती मूळच्या केरळच्या डॉ. आर. शंकरनारायणन यांच्याकडे. ते तिरुवनंतपुरमच्या कॅन्सर केंद्रातून ल्योंला गेलेले, त्यामुळे भारतात कुठे काय जमेल हे त्यांना कागदावरून वाचावं लागत नव्हतं. ल्यों, टाटा मेमोरियल आणि बार्शी अशी जोडणी झाली.

उस्मानाबाद जिल्ह्यातल्या ४९७ गावांचे ५२ गट पाडले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया. चिठ्ठी टाकावी तसे गट वाटले. काहींना एचपीव्ही तपासणी, काहींना पॅप, काहींना व्हीआयए. चौथ्या भागातल्या बायकांना तपासणी दिली नाही, फक्त माहिती सांगितली आणि तेव्हा मिळत होती तीच सेवा. तपासणी आयुष्यात एकदाच. बोलावलेल्यांपैकी जवळजवळ ऐंशी टक्के बायका आल्या. ही टक्केवारी युरोपातल्या कुठल्याही शहराला हेवा वाटावा अशी आहे, आणि तिचं श्रेय मी तरी आधीच्या बारा वर्षांच्या नोंदणीला देईन. गावं बार्शीच्या माणसांना ओळखत होती.

एप्रिल २००९मध्ये निकाल ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. आठ वर्षांच्या पाठपुराव्यात, तपासणी न झालेल्या ३१,४८८ बायकांपैकी ६४ जणी या कॅन्सरने दगावल्या होत्या. एचपीव्ही तपासणीच्या गटात ३४,१२६ पैकी ३४. मृत्यू जवळजवळ निम्म्यावर, तेही एकाच तपासणीने. पॅप आणि व्हीआयएच्या गटांत मात्र लक्षणीय फरक दिसला नाही. त्याहूनही बोलका आकडा निकाल ‘ठीक’ आलेल्या बायकांचा होता. पुढच्या वर्षांत त्यांच्यात कॅन्सर होण्याचं वार्षिक प्रमाण पॅप आणि व्हीआयएच्या गटांत लाखामागे १६च्या आसपास, तर एचपीव्हीच्या गटात ३.७ होतं. म्हणजे एचपीव्ही तपासणीत ‘काही नाही’ असं सांगून घरी पाठवलेली बाई पुढची कैक वर्षं निर्धास्त राहू शकत होती.

आता गुंता. तमिळनाडूतल्या दिंडिगुल जिल्ह्यात आयएआरसीच्याच प्रयोगात एकदा केलेल्या व्हीआयएने मृत्यू ३५ टक्क्यांनी घटले होते. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलने अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या पैशातून दीड लाख स्त्रियांवर केलेल्या अभ्यासातही ३१ टक्के घट दिसली. तिथे दहावी झालेल्या बायकांना चार आठवडे शिकवून व्हीआयए करायला लावली होती, पण दर दोन वर्षांनी, चार वेळा. डोळ्यांनी बघण्याची तपासणी बघणाऱ्यावर आणि पुन्हा पुन्हा बघण्यावर अवलंबून असते. विषाणूची चाचणी तशी नसते. या विसंगतीचा माझ्या मते सरळ अर्थ हाच.

या तिन्ही प्रयोगांवर एक डागही आहे आणि तो झाकून चालणार नाही. तपासणी न दिलेल्या गटांत तिन्ही ठिकाणी मिळून १,३८,६२४ स्त्रिया होत्या. त्यातल्या किमान २५४ जणी या कॅन्सरने वारल्या. पॅप तपासणी अर्धशतक वापरात असताना हा गट ठेवलाच का, असा सवाल अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञ एरिक सुबा यांनी केला आणि तक्रारीही नोंदवल्या. स्त्रियांना संमतीसाठी दिलेली माहिती पुरेशी नव्हती, असा ठपका अमेरिकेच्या सरकारी यंत्रणेने मुंबईच्या अभ्यासावर ठेवला. संशोधकांचं म्हणणं असं की, भारतात या बायकांना एरवीही काहीच मिळत नव्हतं, तेव्हा त्यांच्याकडून काही काढून घेतलं नाही, आणि तुलनेशिवाय सरकारला पटवता आलं नसतं. दुसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे. पहिला मला पचत नाही. ‘एरवीही काही नव्हतं’ हे उत्तर बोस्टनमधल्या बाईच्या बाबतीत कुणी दिलं असतं का?

लशीची गोष्ट त्याहून वेडीवाकडी. २००९मध्ये पाथ ही अमेरिकन संस्था, आयसीएमआर आणि राज्य सरकारं यांनी आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत मुलींना एचपीव्ही लस द्यायला सुरुवात केली. सात मुलींचे मृत्यू झाले. चौकशीत ते लशीमुळे झाल्याचं दिसलं नाही, पण आश्रमशाळांच्या वसतिगृहांत पालकांऐवजी वॉर्डनने संमतीपत्रांवर सह्या केल्याचं उघड झालं आणि रान उठलं. एप्रिल २०१०मध्ये सरकारने देशातली या लशीची सगळी कामं थांबवली.

त्यात आयएआरसीचा एक वेगळाच अभ्यास सापडला. दोन डोस पुरतात की तीन लागतात, हे बघण्यासाठी तो सप्टेंबर २००९पासून देशात अनेक ठिकाणी चालू होता. त्यात बार्शी होतं, पुणेही होतं. १७,७२९ मुलींना लस टोचून झाली होती, आणि काम बंद पडल्याने त्यातल्या ४,९५० जणींना एकच डोस मिळाला. प्रयोग फसला, असंच तेव्हा सगळ्यांना वाटलं. संशोधकांनी मात्र मुलींचा माग सोडला नाही. दहा वर्षांनी हिशेब केला तर एचपीव्ही १६ आणि १८च्या ठाण मांडून बसणाऱ्या संसर्गापासून एका डोसने मिळालेलं संरक्षण ९५.४ टक्के निघालं, दोन आणि तीन डोसांच्या तोडीस तोड. याला कोस्टारिका आणि केनियातल्या अभ्यासांची जोड मिळाली. २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसालाही मान्यता दिली. गरीब देशांच्या लसीकरणाचा खर्च त्यामुळे किती उतरला, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्वाव्हॅक’ला भारतात परवानगी मिळाली.

नोव्हेंबर २०२०मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या कॅन्सरच्या उच्चाटनाचं धोरण जाहीर केलं होतं. २०३०पर्यंत ९० टक्के मुलींना लस, ७० टक्के स्त्रियांची ३५ आणि ४५व्या वर्षी खात्रीच्या चाचणीने तपासणी आणि दोष सापडलेल्या ९० टक्के जणींवर उपचार. २०२१च्या मार्गदर्शक सूचनांत पहिली पसंती एचपीव्ही तपासणीला आहे, आणि त्यामागच्या पुराव्यात उस्मानाबादचा वाटा मोठा.

आपल्या केंद्र सरकारने मात्र २०१६मध्ये राष्ट्रीय कार्यक्रमाची चौकट आखताना ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी व्हीआयए निवडली. स्वस्त म्हणून, आणि प्रयोगशाळा लागत नाही म्हणून. निवड अगदी चुकीची म्हणता येणार नाही, पण दिंडिगुल आणि मुंबईत ती यशस्वी झाली ती प्रशिक्षण आणि देखरेखीच्या जोरावर. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी आयुष्यात एकदा तरी ही तपासणी झालेल्या निघाल्या १.९ टक्के. देशात वर्षाला सव्वा लाखावर स्त्रियांना हा कॅन्सर होतो आणि ८० हजारांच्या आसपास जणी दगावतात.

तपासणी नसली की काय होतं, हे शेजारीच दिसतं. धाराशिवला लागून बीड आहे. २०१९मध्ये तिथल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या सर्रास काढल्या जात असल्याचा प्रश्न गाजला, तेव्हा पांढरं जातंय म्हणून दवाखान्यात गेलेल्या अनेकींना ‘पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल’ असं सांगण्यात आल्याचं समोर आलं. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२ हजार ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती. त्यानंतर जिल्ह्यातल्या खासगी दवाखान्यांना या शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं भाग पडलं.