सरासरीत न मावणारी सर

जुलैत पत्र्यावरचा पाऊस जरा कान देऊन ऐका. सर येते, उघडीप होते, पुन्हा सर. त्या एका सरीतही जोर क्षणाक्षणाला चढतो-उतरतो. आणि अख्खा महिना पाहिला, तर चार दिवस झोड आणि दोन दिवस कोरडे. जवळून पाहा की लांबून, नक्षी तीच. इंटरनेटच्या तारांमधून धावणारा डेटाही असाच वागतो.

आधी तसं वाटत नव्हतं. सगळं गणित टेलिफोनचं होतं. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांग यांनी १९०९ मध्ये ते मांडलं. कॉल एकमेकांची वाट न पाहता येतात. सेकंदाचा चढउतार तासाभराच्या हिशेबात सपाट होतो. सरासरीहून थोडी जास्त क्षमता ठेवली की भागायचं.

मग अमेरिकेतल्या बेलकोर प्रयोगशाळेत १९८९ ते १९९२ या काळात इथरनेटवरची, म्हणजे संगणकांना तारेने जोडणाऱ्या जाळ्यावरची, पॅकेटं (डेटाचे छोटे तुकडे) टिपली गेली. संशोधकांनी त्यांचे आलेख एकाखाली एक मांडले: १०० सेकंदांचा, १० सेकंदांचा, १ सेकंदाचा, थेट ०.०१ सेकंदापर्यंत. वेळेचा आकडा झाकला, तर कुठला कोणता ते ओळखू येईना! सपाट व्हायचं नावच नाही. लहानमोठ्या कुठल्याही मापात तीच नक्षी दिसणाऱ्या ज्या रूपाला गणितज्ञ मँडेलब्रॉट यांनी १९७५ मध्ये फ्रॅक्टल हे नाव दिलं, तेच हे.

हा लहरीपणा मोजायचा आकडा मला फार आवडतो, कारण तो नदीतून आला आहे. हर्स्ट नावाच्या अभियंत्याने नाईलच्या पुराच्या शेकडो वर्षांच्या नोंदी चाळल्या, तेव्हा पुराची वर्षं गटागटाने येताना दिसली. हर्स्टचा आकडा ०.५ असेल तर चढउतारांना मागची आठवण नाही. १ च्या जवळ असेल तर आठवण फार लांबची. इथरनेटसाठी तो ०.८ ते ०.९ च्या आसपास निघाला.

कारण साधं आहे. बहुतेक फाइली चिमुकल्या आणि मोजक्या अवाढव्य. शंभर निरोप चुटकीसरशी जातात, एक सिनेमा मात्र तासभर वाट अडवून बसतो. अशा अनेकांची बेरीज केली तरी लाटा उरतातच.

मुंबईची जुनी पर्जन्यजलवाहिनी ताशी २५ मिमी पावसासाठी बांधलेली होती. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी कोसळला. पॅकेटांना वाट दाखवणाऱ्या राउटरमधली रांगही अशीच तुंबते, आणि ती नुसती लांब करून फारसं साधत नाही. म्हणून आता नवं यंत्र जोडण्याआधी संगणकावर फ्रॅक्टल गणिताने खोटी रहदारी तयार करून त्यावर सोडतात आणि किती पॅकेटं हरवतात ते मोजतात.