शेत, गिरणी आणि आतडे

एकाच माणसाचे वजन वीस किलोने जास्त आणि रक्तातले लोह मात्र तळाला, हा प्रकार डॉक्टरांना आता नवा राहिलेला नाही. कॅलरी गरजेपेक्षा जास्तच पोटात जातात; त्यांच्यासोबत जे लोह, जस्त, फोलेट, मॅग्नेशियम यायला हवे ते येत नाही. पोषणशास्त्रात याला ‘छुपी भूक’ म्हणतात. थकवा, केस गळणे, पायात गोळे येणे, कामात लक्ष न लागणे अशा तक्रारी सुरू होतात आणि त्या वयावर किंवा अपुऱ्या झोपेवर ढकलून माणूस मोकळा होतो.

‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात २०२२ मध्ये आलेल्या अंदाजानुसार, जगातल्या पाच वर्षांखालच्या निम्म्याहून अधिक मुलांमध्ये आणि प्रजननक्षम वयातल्या सुमारे दोन तृतीयांश स्त्रियांमध्ये लोह, जस्त, अ जीवनसत्त्व किंवा फोलेट यांपैकी निदान एकाची कमतरता आहे. ब्रिटन-अमेरिकेसारखे श्रीमंत देशही यातून सुटलेले नाहीत.

कारण विचारले की बहुतेकांचे बोट मातीकडे जाते. ‘जमिनीत कसच उरला नाही, मग भाजीत कुठून येणार?’ ऐकायला पटते. पण हे तपासून पाहण्याची सोय इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड इथल्या कृषी संशोधन केंद्रात आहे. तिथल्या ‘ब्रॉडबाल्क’ नावाच्या शेतात १८४३ पासून गव्हावरचा एकच प्रयोग चालू आहे आणि त्या काळापासूनचे धान्याचे आणि मातीचे नमुने जपून ठेवलेले आहेत. संशोधकांनी ते जुने नमुने काढून त्यातली खनिजे मोजली. निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत दाण्यातले जस्त, लोह, तांबे, मॅग्नेशियम जवळपास स्थिर होते, त्यानंतर ते घसरत गेले. मातीतले प्रमाण मात्र घटलेले नव्हते, काही खनिजांचे तर वाढले होते. शेणखत घातलेल्या तुकड्यातही दाण्यातली घसरण तशीच दिसली. बदलले होते ते वाण. बुटके, भरघोस उत्पन्न देणारे गहू त्याच सुमारास आले. या वाणांत पिष्ट (स्टार्च) भराभर साठते, खनिजे त्या वेगाने येत नाहीत, आणि दाण्यात त्यांचे प्रमाण विरळ होत जाते. या वाणांनी कोट्यवधी लोकांना जगवले, तेव्हा त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण मातीवर घेतलेला आळ निदान या शेतात तरी टिकत नाही.

हवेचाही यात हात आहे. या शतकाच्या मध्याला कार्बन डायऑक्साइड ज्या पातळीला पोचेल असा अंदाज आहे, तेवढा वायू शेतात मुद्दाम सोडून पिके वाढवली गेली. २०१४ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या विश्लेषणात अशा गव्हातले जस्त सुमारे ९ टक्क्यांनी आणि लोह सुमारे ५ टक्क्यांनी कमी भरले.

माझ्या मते मात्र शेतातली घट ही त्यामानाने किरकोळ. खरी लूट गिरणीत होते. शंभर ग्रॅम अख्ख्या गव्हाच्या पिठात साधारण १३० ते १४० मिलिग्रॅम मॅग्नेशियम असते. मैद्यात उरते २० ते २५. कोंडा आणि अंकुर काढला की लोह आणि जस्ताचाही मोठा भाग त्यांच्यासोबत जातो. काही देशांत मैद्यात लोह, फोलिक ॲसिड (फोलेटचे कृत्रिम रूप) आणि मोजकी ब जीवनसत्त्वे परत घालतात. मॅग्नेशियम आणि जस्त सहसा परत येत नाही. याच मैद्याला साखर आणि रिफाइंड तेलाची जोड दिली की कारखान्यातले बहुतेक तयार खाणे तयार. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये निम्म्याहून अधिक कॅलरी अशा अतिप्रक्रिया केलेल्या पदार्थांतून येतात.

हा धडा नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर ख्रिस्तियान आइकमन हे डच डॉक्टर हातपाय लुळे पाडणाऱ्या बेरीबेरी या रोगाचा जंतू शोधत होते. प्रयोगशाळेतल्या कोंबड्या अचानक लुळ्या पडू लागल्या आणि काही महिन्यांनी आपोआप बऱ्या झाल्या. चौकशी केल्यावर कळले, की मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढरा भात घातला जात होता. मग नवा आचारी आला. लष्कराचा भात मुलकी कोंबड्यांना कशाला, म्हणून त्याने तो बंद केला आणि कोंबड्या पुन्हा बिनसडीच्या तांदळावर आल्या. सडताना निघून जाणाऱ्या कोंड्यात जे होते, ते आज आपण थायमिन किंवा ब-१ म्हणून ओळखतो. आइकमन यांना १९२९ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

पण ताटात आले म्हणजे रक्तात आले असे नाही. धान्य, डाळी, भाज्यांमधले लोह मुळातच थोडे शोषले जाते. कोंड्यातले फायटेट नावाचे द्रव्य आणि जेवणासोबतच्या चहा-कॉफीतली द्रव्ये ते बांधून ठेवतात. क जीवनसत्त्व ते सोडवते. शोषून घेतलेले लोह आतड्याच्या पेशीतून रक्तात जायला एकच वाट असते, फेरोपोर्टिन नावाच्या प्रथिनाची. यकृतातून निघणारे हेपसिडिन हे संप्रेरक ही वाट बंद करते. मग लोह पेशीतच अडकते, आणि ती पेशी काही दिवसांत गळून पडली की तिच्याबरोबर शरीराबाहेर जाते.

हेपसिडिन वाढते ते शरीरात दाह (इन्फ्लमेशन) असला की. जंतूंनाही लोह लागते, म्हणून संसर्गाच्या वेळी ते लपवून ठेवणे शहाणपणाचे. अडचण अशी, की लठ्ठपणातही सौम्य दाह कायम चालू असतो आणि वाट विनाकारण बंद राहते. सुरुवातीच्या कोड्याचा एक भाग इथे सुटतो. लोहाची गोळी घेतल्यावरही हेपसिडिन सुमारे दिवसभर चढलेले राहते. म्हणून काही जणांत एक दिवसाआड घेतलेली गोळी रोजच्यापेक्षा चांगली शोषली जाते.

ब-१२ ची गोष्ट वेगळी. अन्नातून ते सुटे व्हायला जठरातले आम्ल लागते. आम्लपित्तावरच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत त्याचे शोषण घटू शकते. यकृतात साठा असतो, त्यामुळे पगार थांबल्यावर शिलकीवर घर चालावे तसे काही वर्षे काहीच जाणवत नाही. ‘ड’ चा तर अन्नाशी संबंधच थोडा. ते त्वचेत उन्हामुळे बनते, आणि खिडकीची काच त्याला लागणारे अतिनील किरण अडवते.

मग सरसकट मल्टीव्हिटॅमिन घ्यावे का? फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीत बीटा कॅरोटीनच्या (शरीरात याचे अ जीवनसत्त्व बनते) गोळ्या घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी जास्त आढळला. हा निष्कर्ष १९९४ चा, तरी ‘जीवनसत्त्वच आहे, अपाय काय होणार’ हे वाक्य अजून ऐकू येते. फोलिक ॲसिडच्या मोठ्या मात्रेने तर ब-१२ च्या कमतरतेमुळे झालेला रक्तक्षय भरून निघतो आणि निदान लांबते. तोवर मज्जातंतूंची हानी आतून चालूच राहते.

म्हणून आधी तपासणी, आणि तीही नीट. हिमोग्लोबिन सगळ्यात शेवटी घसरते. त्याआधी लोहाचा साठा रिकामा होतो आणि तो फेरिटिन या लोह साठवणाऱ्या प्रथिनाच्या रक्तातल्या प्रमाणावरून कळतो. मात्र दाह असताना फेरिटिन वाढते, त्यामुळे साठा कमी असला तरी अहवालात आकडा ठीक दिसू शकतो. लठ्ठ किंवा जुनाट आजार असलेल्या माणसाचे फेरिटिन बघताना सोबत दाह दाखवणारी सीआरपी चाचणीही करून घ्यावी.