एका पोळीत पाच किलोमीटर

गेल्या महिन्यात सायकल ओव्हरऑइलिंगला टाकली. (मूळ शब्द ओव्हरहॉलिंग आहे हे मला ठाऊक आहे, पण सायकलच्या दुकानात हाच चालतो आणि कामाकडे बघितलं तर तोच जास्त बरोबर वाटतो.) दुकानातल्या काकांनी सायकल उलटी केली, सीट आणि हँडलवर उभी ठेवली, पुढचं चाक हाताने गरकन फिरवलं आणि गप्प बघत राहिले. चाक सात-आठ फेऱ्यांत कुरकुरत थांबलं. "छर्रे खलास झालेत. तुमची ताकद रोज इथे जातीय," म्हणाले. संध्याकाळी नवे छर्रे (म्हणजे बेअरिंगमधल्या गोळ्या) आणि ग्रीस भरून झाल्यावर त्यांनी तेच चाक पुन्हा फिरवून दाखवलं. माझा अर्धा चहा संपला तरी ते फिरतच होतं. शेवटी व्हॉल्व्हच्या वजनाने दोनदा मागे-पुढे झुललं आणि मग थांबलं.

ताकद कुठे जाते, हा काकांचा प्रश्न सगळ्याच वाहनांना विचारता येतो. त्यासाठी एक एकक हवं. ज्यूल, किलोवॅट वगैरे म्हटलं की निम्मे वाचक उठून जातात, म्हणून मी पोळी घेतो. घरातली मध्यम आकाराची, तूप न लावलेली एक पोळी म्हणजे ढोबळमानाने १०० किलोकॅलरी. चपाती म्हणणाऱ्यांनी चपाती वाचावं, हिशेब बदलत नाही.

सत्तर किलोचा माणूस सपाट रस्त्यावर चालला तर किलोमीटरला सुमारे ५० किलोकॅलरी जातात. म्हणजे एका पोळीत दोन किलोमीटर. तोच माणूस साध्या सायकलवर ताशी १५ किलोमीटरच्या बेताने गेला, तर किलोमीटरला २० च्या आसपास. एका पोळीत पाच किलोमीटर. हा आकडा मी मुद्दाम हात राखून घेतलाय, कारण माझी सायकल तशीच आहे. ऑक्सफर्डचे अभियंते एस. एस. विल्सन यांनी १९७३ साली 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात प्राणी आणि वाहनं यांची अशीच तुलना मांडली होती. त्यांच्या हिशेबात चालण्यापेक्षा सायकलचा खर्च पाचपट कमी निघाला, आणि तक्त्यातल्या सगळ्या प्राण्यांना आणि यंत्रांना सायकलवरच्या माणसाने मागे टाकलं.

आता पेट्रोल. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ७,७०० किलोकॅलरी असतात, म्हणजे ७७ पोळ्यांची चळत. लिटरला पन्नास देणारी स्कूटर किलोमीटरला दीड पोळी खाते. शहरातल्या गर्दीत लिटरला पंधरा देणारी मोटार पाच पोळ्या खाते. म्हणजे सायकलवाला जितकं पाच किलोमीटरला खातो, त्याच्या पाचपट मोटार एकाच किलोमीटरला खाते, आणि बहुतेक वेळा आत माणूस एकच असतो. एसटीची गोष्ट निराळी. लिटरला पाच किलोमीटर धावणारी बस किलोमीटरला सतराएक पोळ्यांचं डिझेल जाळते, पण चव्वेचाळीस सीट भरल्या असतील तर माणशी अर्धी पोळीसुद्धा येत नाही. भरलेली एसटी जवळपास चालणाऱ्या माणसाइतकी काटकसरी असते. रिकाम्या एसटीबद्दल न बोललेलं बरं.

यात खरी गंमत ही की सायकलचं इंजिन, म्हणजे आपण, अगदीच सुमार आहे. स्नायूंना दिलेल्या ऊर्जेतली जेमतेम पाव पायडलपर्यंत पोचते. बाकीची तीन चतुर्थांश उष्णता होऊन जाते, आणि ऑफिसात पोचल्यावर शर्ट पाठीला चिकटलेला असतो तो तिच्यामुळेच. पेट्रोलचं इंजिनही साधारण याच पंगतीत बसतं. तेव्हा सायकलची करामत पायांत शोधू नये. पाय तर चालतानाही तेच असतात.

चालताना आपण काय करतो ते बघा. प्रत्येक पावलाला सगळं अंग किंचित वर उचलतो आणि पुन्हा खाली सोडतो. खाली येताना मिळालेली थोडी ऊर्जा पुढच्या पावलाला लागते, बरीचशी टाच जमिनीवर आदळण्यात संपते. शिवाय उभं राहायचं तर गुडघ्या-घोट्यांचे स्नायू सतत ताणलेले ठेवावे लागतात आणि त्याचं भाडं वेगळं. हा खर्च कमी करायला माणसाने काय काय केलं! २०१५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी घोट्याला बांधायची स्प्रिंगची एक पट्टी केली, तिला बॅटरी नाही की मोटार नाही. तिने चालण्याचा खर्च सुमारे ७ टक्क्यांनी घटला, आणि 'नेचर'सारख्या मासिकाने ते संशोधन छापलं. योग्यच केलं, कारण हे काम फार अवघड आहे. सायकलने मात्र शंभरएक वर्षांपूर्वीच तो खर्च निम्म्याहून खाली आणून ठेवला होता. तिने वजन सीटवर घेतलं, अंगाचं वर-खाली होणं बंद केलं आणि पायाला फक्त गोल फिरायचं काम दिलं. म्हणून आपण चालताना जेवढे दमतो, साधारण तेवढ्याच दमात तिप्पट वेगाने जातो.

पायडलपासून पुढे फारशी गळती नाही. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्पायसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली सायकलची चेन इन्फ्रारेड कॅमेऱ्यासमोर फिरवली. जिथे घर्षण होतं तिथे चेन तापते आणि ते कॅमेऱ्याला दिसतं. उत्तम स्थितीत चेनने ९८.६ टक्के ताकद मागच्या चाकाला पोचवली. मजा म्हणजे तेल घातलं काय न घातलं काय, प्रयोगशाळेत फारसा फरक पडला नाही. हे मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, "तिथे धूळ नसेल." मुद्दा बरोबर होता. तेलाचं एक मोठं काम माती आत जाऊ न देण्याचं आहे.

मग उरलं काय? टायर आणि हवा. म्हणजे दोन्ही ठिकाणी हवाच. टायर रस्त्याला टेकतो तिथे चपटा होतो, पुढे गेला की पुन्हा गोल होतो, आणि प्रत्येक वेळी त्या रबराला दाबायला दिलेली थोडी ताकद परत मिळत नाही. हवा कमी असली की चपटा भाग वाढतो आणि गळतीही वाढते. सायकल जड चालतेय म्हणून आलेल्या गिऱ्हाइकाचा टायर काका आधी अंगठ्याने दाबून बघतात. निम्मी दुखणी तिथेच बरी होतात.

समोरच्या हवेचा जाच मात्र पंपाने सुटत नाही. तिचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी १५ ने जायला पायांना पन्नासेक वॅट द्यावे लागतात, ३० ने जायचं तर अडीचशे ते तीनशे. वेग दुप्पट, कष्ट पाचपट. काळ्या सायकलवर ताठ बसून आपण वाऱ्यापुढे छाती काढतो, तो रुबाब या हिशेबात महाग पडतो. वारा चुकवला तर काय होतं ते २०१६ साली दिसलं. अमेरिकेत नेवाडामधल्या बॅटल माउंटन इथे टॉड रायकर्टने अंड्यासारख्या गुळगुळीत कवचात आडवं झोपून, नुसतं पायडल मारत ताशी १४४ किलोमीटरचा वेग गाठला.

चढाला मात्र कुठलंच कवच उपयोगी नाही. शंभर मीटरला तीन मीटर चढ, एवढ्यानेही सपाटीच्या तिप्पट जोर लागतो. पुण्यातल्या चांदणी चौकाचा चढ सायकलने चढलेल्यांना हे सांगायला नको. वजनाची किंमत तिथे कळते, आणि दुसरी कळते सिग्नलला. ताशी चाळीसने जाणारी अकराशे किलोची मोटार लाल दिव्याला थांबली, की तिने कमावलेला सगळा वेग ब्रेकमध्ये उष्णता होऊन जातो. तो पुन्हा कमवायला इंजिनला साधारण पाऊण पोळी लागते. ही एका सिग्नलची किंमत. सायकलला तेवढ्याच थांबण्याचे पोळीच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी पडतात. सत्तर किलोच्या माणसासाठी एक हजार किलो लोखंड सोबत हलवायचं आणि दर चौकात थांबवायचं, मोटारीची बहुतेक उधळपट्टी यातून येते.

मग विजेची दुचाकी? इथे सायकलप्रेमींनी जरा शांतपणे वाचावं. इलेक्ट्रिक स्कूटर बॅटरीतून किलोमीटरला साधारण पाव पोळी घेते. म्हणजे पोळीत चार किलोमीटर, आपल्या अगदी जवळ! आणि मोटार लावलेली सायकल तर आपल्याला हरवते, कारण विजेची मोटार मिळालेल्या ऊर्जेतली ऐंशी टक्क्यांच्या आसपास चाकाला देते आणि आपले स्नायू पाव देतात. पण ती वीज कोळशाच्या वीजकेंद्रातून आली असेल, तर तिथे मूळ ऊर्जेतली दोन-तृतीयांश आधीच गेलेली असते. तेवढं धरलं की स्कूटरची पाव पोळी पाऊण होते.

तसं बघायचं तर पोळीसुद्धा शेतात तयार उगवत नाही. गव्हाला पाणी द्यायला पंप चालला, नांगरायला ट्रॅक्टर, युरिया नैसर्गिक वायूपासून झाला, गिरणी विजेवर फिरली आणि शेवटी तव्याखाली गॅस. हे सगळं पकडलं तर माझ्या पाच किलोमीटरचा खर्च एका पोळीवर थांबत नाही. आणि सायकल चालवून भूक लागली म्हणून कोणी मटणाचं ताट पुढे ओढलं, तर कोळशाच्या विजेवरची सायकल त्याला सहज मागे टाकेल.

काकांच्या दुकानात आता दोन-तीन ई-सायकली उभ्या असतात. त्यांचीही चाकं ते तशीच फिरवून बघतात. एकीची बॅटरी लवकर उतरते म्हणून तक्रार होती. छर्रे ठीक होते, मागचा ब्रेक रिमला घासत होता.